काळ्या रश्श्यात शिजवून पाहिलेले वनस्पतिजन्य मटण

प्राण्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले मांस खान्देशातील माणूस खाईल का, याचा निकाल आज जिभेवर लावता येत नाही, कारण असे मांस भारतात अजून विक्रीस आलेले नाही. मात्र त्याच्या अगदी जवळचा एक पदार्थ जळगाव, धुळे यांसारख्या शहरांतील मोठ्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये आता दिसतो. सोयाबीन व वाटाण्याच्या प्रथिनांपासून बनवलेले आणि पाकिटावर मटणाचे नाव लावलेले हे ‘वनस्पतिजन्य मटण’ खिमा आणि बिनहाडाचे तुकडे अशा दोन रूपांत मिळते. मी ही दोन्ही पाकिटे जळगावातील एका दुकानातून आणली, खान्देशी पद्धतीने शिजवली आणि घरातील वेगवेगळ्या वयाच्या माणसांना वाढली.

वनस्पतिजन्य पदार्थाच्या परीक्षणात प्रयोगशाळेतील मांसाचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण सिंगापूरमध्ये आहे. पेशींपासून वाढवलेल्या कोंबडीच्या मांसाला विक्रीची परवानगी देणारा सिंगापूर हा जगातील पहिला देश. ही परवानगी डिसेंबर २०२० मध्ये मिळाली. पुढे मे २०२४ मध्ये तेथील एका मांसविक्रेत्याच्या दुकानात हे मांस सामान्य ग्राहकासाठी पाकिटातून ठेवले गेले, तेव्हा १२० ग्रॅमच्या त्या पाकिटाची किंमत ७.२० सिंगापूर डॉलर होती आणि त्यात कोंबडीच्या पेशींचे प्रमाण अवघे ३ टक्के होते. उरलेला भाग मुख्यतः वनस्पतिजन्य घटकांचाच होता. म्हणजे उद्या असे पाकीट भुसावळच्या किंवा नंदुरबारच्या बाजारात आले, तर निदान सुरुवातीच्या काळात त्यातील बहुतांश घास आज मी शिजवलेल्या पदार्थासारखाच असण्याची शक्यता आहे. त्यामुळे ही चाचणी मला अगदीच अप्रस्तुत वाटत नाही.

प्रथम तुकड्यांविषयी लिहितो, कारण खान्देशात मटणाची परीक्षा रश्श्यातच होते. सुके खोबरे आणि कांदा थेट विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजून, आले, लसूण व कोथिंबिरीसह वाटून, त्यात लाल मिरची, धने, दगडफूल, लवंग, मिरी, बादियान, रामपत्री यांचा घरचा काळा मसाला घालून केलेला रस्सा हा आपल्याकडे जेवणाचा गाभा असतो. मटणाचे दोन तुकडे कमी पडले तरी पाहुणा काही म्हणत नाही. रस्सा पातळ, बेचव किंवा बिनतर्रीचा निघाला तर मात्र त्या घराचे नाव निघते. या रश्श्याची खरी सुरुवात फोडणीच्या आधीच झालेली असते. मटण हळद-मिठाच्या पाण्यात शिजत घातले की त्याचा जो अळणी रस उतरतो, जो मुलांना आणि आजारी माणसाला वाटीतून आधी दिला जातो, तोच पुढे मसाल्याला अंग देतो.

वनस्पतिजन्य तुकडे मी त्याच रीतीने हळद-मिठाच्या पाण्यात घातले. पाव तासाने पाणी होते तसेच पाणी राहिले. त्याला सोयाबीनचा मंद वास आला आणि वर तेलाचे काही थेंब तरंगले, पण ज्याला रस म्हणावा असे त्यात काही उतरले नाही. यात नवल नाही. मटणाचा अळणी रस हा हाडे, स्नायुबंध आणि कातडीखालची चरबी यांतून उतरतो. त्यांतील कोलॅजन नावाचे प्रथिन मंद आचेवर विरघळून जिलेटिन बनते आणि रश्श्याला ओठांना किंचित चिकटणारा दाटपणा देते. वनस्पतींमध्ये कोलॅजन नसतेच. पाकिटातील पदार्थ एकत्र धरून ठेवण्यासाठी सहसा मिथाइल सेल्युलोज वापरतात, आणि त्याचा स्वभाव जिलेटिनच्या नेमका उलट आहे. जिलेटिन गरम असताना पातळ असते व थंड झाल्यावर आळते, तर मिथाइल सेल्युलोज तापल्यावर घट्ट होते आणि थंड झाल्यावर सैल पडते. उकळत्या रश्श्यात तुकडे चांगले टणक राहिले ते यामुळेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी भांड्यातील रस्सा पिऊन टाकला होता आणि ते बोटाने दाबले जातील इतके मऊ झाले होते. शिळे मटण रात्रभर मुरून अधिक चवदार लागते आणि भाकरीबरोबर न्याहारीला ते मागून घेतले जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने हा उणेपणा लहान नाही.

ताज्या रश्श्याला चव होती, परंतु ती सगळी मसाल्याची होती. तुकडा दाताखाली फोडला की आतला भाग कोरा लागत होता; तिखट वरच्या थरापलीकडे गेलेच नव्हते. कळण्याच्या भाकरीचा काला करून आत्यांनी दोन घास खाल्ले आणि आपल्या अहिराणीत विचारले, “रस्सा चांगला शे, पन मटन कोठे शे?” त्यांच्या प्रश्नात तक्रार नव्हती. पानात नळी नाही, चोखायला हाड नाही, म्हणून मटण अजून वाढायचे राहिले आहे असे त्यांना खरोखरच वाटले होते.

आत्यांचा हा प्रश्न प्रयोगशाळेतील मांसालाही तितकाच लागू पडतो. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी ५ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमध्ये पेशींपासून वाढवलेल्या गोमांसाचा पहिला बर्गर लोकांसमोर शिजवून घेतला. त्या एका बर्गरच्या निर्मितीला सुमारे अडीच लाख युरो खर्च आला होता आणि तो भार गूगलचे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन यांनी उचलला होता. ज्यांनी तो चाखला त्यांनी पोत मांसासारखा असल्याचे मान्य केले, पण चरबी नसल्याची उणीव त्यांना तेव्हाच जाणवली होती. त्यानंतर या क्षेत्राने पुष्कळ मजल मारली, तरी एक अडचण पेशींच्या स्वभावातच आहे. जिवंत प्राण्यात प्रत्येक पेशीजवळ रक्तवाहिनी पोहोचलेली असते. पोलादी टाकीत, शरीराइतक्या उबेत आणि साखर, अमिनो आम्ले, क्षार व जीवनसत्त्वे असलेल्या द्रवात वाढणाऱ्या पेशींना तो आधार नसतो, त्यामुळे प्राणवायू मिलिमीटरच्या लहानशा अंशापलीकडे आत झिरपत नाही आणि जाड थराच्या मधल्या पेशी तगत नाहीत. म्हणून आज जे बनते ते बहुधा पातळ थरांचे, बारीक किंवा वनस्पतीच्या प्रथिनात मिसळलेले असते. बोकडाची मांडी, चाप, नळी आणि कलेजी ही स्नायू, चरबी, अस्थी, मज्जा व रक्तवाहिन्या यांची एकत्र रचना असून ती टाकीत घडवणे अजून फार दूर आहे. खान्देशी रश्श्याला नेमके तेच हवे असते.

खिम्याची गोष्ट वेगळी निघाली, आणि ती मी आनंदाने नोंदवतो. लोखंडी कढईत शेंगदाण्याचे तेल चांगले तापवून, पाणी न घालता, खिमा तळाला लागू लागेपर्यंत परतला आणि त्यानंतरच त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवा वाटाणा आणि काळा मसाला घातला. कडा कुरकुरीत झाल्या, मसाला कणाकणाला लागला आणि सोयाबीनचा वास जवळजवळ नाहीसा झाला. उरलेल्या खिम्यात भाजलेले डाळीचे पीठ, हिरवी मिरची व पुदिना मिसळून तव्यावर टिकिया केल्या, त्या तर घरातील तरुण मुलांनी काही न विचारता संपवल्या. कशाच्या आहेत हे नंतर सांगितल्यावरही कोणाचा चेहरा बदलला नाही. शिगावरचा कबाब, मोमो आणि बर्गर खाताना आतील मांस कोणत्या भागाचे, कोणी कापले आणि कधी कापले हे ही पिढी आताही विचारत नाही. प्रयोगशाळेतील मांसाचा आपल्याकडे प्रवेश झाला तर तो याच दाराने होईल, असे माझे मत या खिम्याने पक्के केले.

घरातील मटणाची खरेदी मात्र वेगळ्या विश्वासावर चालते. आपल्याकडे अनेक कुटुंबांचा खाटीक ठरलेला असतो. बोकड कोवळा आहे की जून, हे त्याच्या दुकानात टांगलेल्या धडाकडे पाहून कळते, आणि मांडीचे किती, पाठीचे किती, कलेजी घालू का, हे बोलणे तोलण्याआधीच होते. पाकिटात यांपैकी काहीच नाही. त्याच्या जागी घटकद्रव्यांची बारीक अक्षरातील यादी आहे, आणि ती वाचून समजून घेणारा माणूस वेगळा असतो. मी आणलेल्या दोन पाकिटांपैकी एकात बर्फाचे मोठे खडे जमलेले होते, म्हणजे वाटेत कोठेतरी ते वितळून पुन्हा गोठवले गेले होते. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि गावोगावी वीज जाते. उणे १८ अंशांवर टिकवायचे अन्न शहराबाहेरच्या किराणा दुकानापर्यंत सुरक्षित पोहोचवणे ही मोठी जबाबदारी आहे. जो कोणी असे मांस खान्देशात विकू पाहील त्याने जाहिरातीच्या आधी ही साखळी उभी करावी.

विश्वास तुटला की काय होते, हे खान्देशाने पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला नोंदला गेला. तेथील कुक्कुटपालन केंद्रांतील लक्षावधी कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही तो रोग सापडला. नीट शिजवलेल्या कोंबडीपासून धोका नाही असे सरकार सांगत होते, तरीही लोकांनी कोंबडी खाणे सोडले आणि दर कोसळले. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. ज्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून शेड उभारली त्यांचे हाल आठवले की, बंद टाकीत, पक्ष्यांच्या कळपाशिवाय वाढणारे कोंबडीचे मांस ही कल्पना मला परकी किंवा अनैसर्गिक वाटत नाही. हजारो पक्षी एका छपराखाली दाटीने वाढवणे हेही निसर्गाचे काम नव्हतेच. जनावरे दाटीने कोंडून न वाढवता मांस मिळावे, हे प्रयोगशाळेतील मांसाच्या बाजूने जे सर्वांत वजनदार म्हणणे आहे, ते मला नवापूरच्या संदर्भात पूर्णपणे पटते.

सातपुड्यात तेच म्हणणे तितके पटत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर शेळी ही घरातील स्त्रीची ठेव असते. ती रानातला पाला खाते आणि दवाखान्याचा किंवा लग्नाचा खर्च आला की विकली जाते. साक्रीकडील ठेलारी मेंढपाळ आपली मेंढरे घेऊन वर्षातील कित्येक महिने चराईसाठी फिरतात, आणि शेतात कळप बसवून घेणाऱ्या शेतकऱ्याला लेंडीखत मिळते. धान्य खाऊ घालून कोंडून वाढवलेल्या जनावरांच्या मांसाविषयी पाश्चात्त्य देशांत पर्यावरणाच्या नुकसानीचा जो हिशेब मांडला जातो, तो या शेळ्या-मेंढ्यांना जसाच्या तसा लावणे अन्याय होईल. शिवाय जत्रेतील नवसाचा बोकड आणि देवाला दिलेली गावठी कोंबडी यांना पाकीट हा पर्याय होऊच शकत नाही, कारण तेथे मांस हे शेवटी वाटले जाणारे प्रसादाचे अन्न आहे आणि महत्त्व दिलेल्या जिवाला आहे.

शाकाहारी घरे या मांसाचे स्वागत करतील, ही समजूतही मला तपासून पाहावीशी वाटली. शेजारचे माळकरी काका मुक्ताईच्या दर्शनाला नेमाने जाणारे. त्यांना मी पाकिटावरील हिरवे चिन्ह दाखवले आणि यात प्राण्याचे काही नाही असे सांगितले. ते म्हणाले, “असू दे. पण जे सोडले त्याच्यासारखेच दिसणारे पानात कशाला घ्यायचे?” आणि ते खाण्यास त्यांनी शांतपणे नकार दिला. वारकरी, महानुभाव आणि जैन घरांतील अनेकांचे म्हणणे याहून फार वेगळे असेल असे मला वाटत नाही. ज्याच्या घरी पाटोडीचा रस्सा, डुबुक वड्या, शेवभाजी आणि भरीत आहे, त्याला मटणाची नक्कल खाण्याची गरज पडत नाही. काळ्या मसाल्याचा तिखट, तर्रीदार रस्सा खान्देशाने बिनमांसाचाही कधीच सिद्ध केलेला आहे. तेव्हा या मांसाचा खरा ग्राहक आज मांस खाणाराच असेल. पेशी प्राण्याच्या असल्यामुळे त्यावर मांसाहाराचेच तपकिरी त्रिकोणी चिन्ह असले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. तेथे थोडीही संदिग्धता राहिली तर दोन्ही बाजूंचे लोक त्याला हात लावणार नाहीत.

मुस्लिम ग्राहकांच्या बाबतीत एक उपयुक्त उदाहरण झालेले आहे. सिंगापूरच्या इस्लामी धार्मिक परिषदेने फेब्रुवारी २०२४ मध्ये असे मत दिले की, मूळ पेशी खाण्यास अनुमत प्राण्याच्या असतील आणि अंतिम पदार्थात निषिद्ध घटक नसतील, तर हे मांस हलाल मानता येईल. आपल्याकडे वाढीच्या द्रवाचा प्रश्न याहून नाजूक ठरेल. सुरुवातीच्या काळात या द्रवात गाभण गाय कापली गेल्यावर तिच्या पोटातील वासराच्या रक्तापासून काढलेले सीरम वापरले जात असे. ही गोष्ट कळल्यावर महाराष्ट्रातील बहुसंख्य हिंदू घरांत तो पदार्थ येणे शक्यच नाही, आणि प्राण्याला न मारता मांस मिळवण्याच्या हेतूलाही ती छेद देते. सीरमविरहित द्रवात वाढवलेल्या कोंबडीला सिंगापूरने जानेवारी २०२३ मध्ये परवानगी दिली, ही म्हणूनच मोठी पायरी होती. भारतात येणाऱ्या अशा प्रत्येक पाकिटावर द्रवाचा उगम ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.

भारतातही काम चालू आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि राष्ट्रीय मांस संशोधन केंद्र यांना या संशोधनासाठी निधी दिला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये एका नवउद्योगाबरोबर पेशींपासून माशाचे मांस बनवण्याचा करार केला. अमेरिकेने जून २०२३ मध्ये ज्या दोन कंपन्यांच्या कोंबडीला विक्रीची अंतिम परवानगी दिली, त्यांपैकी एकीचे संस्थापक उमा वलेटी हे विजयवाड्यात जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ आहेत. दुसरीकडे इटलीने नोव्हेंबर २०२३ मध्ये या मांसावर बंदी घातली. बंदी हा मार्ग मला योग्य वाटत नाही. सुरक्षिततेची तपासणी कडक असावी, नाव आणि चिन्ह स्पष्ट असावे, आणि खायचे की नाही हे खाणाऱ्याने ठरवावे.

किमतीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण तो उघड आहे. मी घेतलेला वनस्पतिजन्य खिमा किलोच्या हिशेबात बोकडाच्या मटणाहूनही महाग पडला, आणि मटणच आता सातशे-आठशे रुपयांच्या घरात गेल्याने अनेक कुटुंबांत ते सणापुरते उरले आहे. त्याच दुकानात सोयाबीनच्या वड्या त्याच्या कितीतरी पटीने स्वस्त मिळतात आणि काळ्या मसाल्यात त्या या तुकड्यांहून फार मागे पडत नाहीत. मजुरी करणाऱ्या घरात महिन्यातून एखादे वेळी होणारे मटण स्वस्त आणि निर्धोक अन्नाने आठवड्याला होऊ शकले, तर प्रयोगशाळेतील मांसाला खान्देशात मान मिळेल. श्रीमंतांच्या कुतूहलासाठी आलेल्या महाग पाकिटाला तो मिळणार नाही.

विकत घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी माझा स्पष्ट सल्ला असा आहे. तुकड्यांचे पाकीट रश्श्यासाठी घेऊ नका. घेतलेच असेल तर अळणी शिजवण्याच्या भानगडीत न पडता तेलात तांबूस परतून, वाढण्याच्या अगदी आधी रश्श्यात सोडा आणि उरवू नका. खिमा घेण्यास हरकत नाही, मात्र तो पूर्ण वितळवून, पिळून, कोरड्या आणि तापलेल्या लोखंडी भांड्यातच करा. पाकीट हातात घेऊन आधी हलवून पाहा. आत बर्फाचे खडे वाजत असतील तर परत ठेवा. पेशींपासून वाढवलेल्या कोंबडीचा खिमा, तपकिरी चिन्हासह आणि सीरमविरहित असल्याच्या नोंदीसह, ज्या दिवशी जळगावच्या दुकानात मिळेल त्या दिवशी मी तो आणीन आणि याच कढईत, याच मसाल्यात करून घरच्यांना काय आहे ते आधी सांगून वाढीन. रविवारच्या रश्श्याचे मटण मात्र तोवर आमच्या नेहमीच्या खाटकाकडूनच, नळीसह येईल.